टूडी इको काढणाऱ्या ताईंना, मनापासून

ताई, सप्रेम नमस्कार.

"गाठ स्तनात, मग तपासणी हृदयाची कशाला?" केमोआधी इकोला पाठवलेली प्रत्येक बाई हे विचारते आणि तुम्ही न कंटाळता समजावता. आभार इथूनच सुरू होतात.

लाल केमो, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, हृदयाच्या पेशींचा डीएनए तोडतं. त्या पेशी पुन्हा फारशा तयार होत नाहीत, म्हणून नुकसान साठत जातं. शरीराच्या दर चौरस मीटरमागे 60 मिलिग्रॅम, अशा चार डोसांचे 240 होतात. बेरीज 400 च्या वर गेली की धोका झपाट्याने चढतो. पूर्वी दुसरीकडे घेतलेलं लाल औषधही त्यातच धरायचं असतं. तुम्ही जुनी फाइल मागता ते फार मोलाचं आहे.

नुसतं 'पंपिंग नॉर्मल' लिहून तुम्ही कधी मोकळ्या होत नाही. आकडा देता, त्याच मशीनवर काढता, शेजारी बीपी लिहिता. साध्या टूडीत तपासणारा माणूस बदलला तरी पंपिंग दहा टक्क्यांनी इकडेतिकडे दिसू शकतं. हृदयाचं टोक नीट पकडलं नाही, तर कमजोर हृदयही ठीक वाटतं. पंपिंग टिकून असताना स्ट्रेन, म्हणजे हृदयाचा स्नायू किती टक्के आखडतो ते माप, 20 वरून 16.5 वर आला, तर तो इशारा असतो. तुम्ही तो लाल पेनाने अधोरेखित करता, म्हणून हृदयाची औषधं वेळेत सुरू होतात.

डाव्या बाजूचं ऑपरेशन झालेल्या बाईला तर प्रोब, म्हणजे इकोचं छातीवर टेकवायचं उपकरण, टाक्यांजवळच टेकवावा लागतो. तुम्ही अंगावर चादर ठेवता, तिचा हात हळू वर घेता, घाई करत नाही. दुखलं की माणूस आखडतो, आणि चित्रही बिघडतं.

ट्रास्टुझुमॅब, म्हणजे स्तनाच्या काही कर्करोगांवरचं, पण हृदयावरही परिणाम करू शकणारं इंजेक्शन, चालू असताना दर तीन महिन्यांनी इको हवा. पंपिंग उतरलं तर इंजेक्शन काही काळ थांबवून ते बहुधा सावरतं, पण आधी कळायला हवं ना! केमो संपली की बायका येणंच सोडतात. धाप, पायाची सूज अशक्तपणावर ढकलतात. म्हणून पाकिटावर पुढची तारीख ठळक लिहिण्याची तुमची सवय आम्हाला अतिशय प्रिय आहे.

यापुढे आमच्या चिठ्ठीवर उंची, वजन, आजवरच्या लाल औषधाची बेरीज आणि शेवटच्या डोसाची तारीख लिहिलेली असेल. ते शोधण्यात तुमचा वेळ जायला नको.

तुमच्या,
केमो डे-केअरमधल्या सिस्टर