घड्याळाच्या पेटीतली भातुकली

संपादक महोदय,

गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासाला गेली, तेव्हा माळ्यावरून आईची पितळी भातुकली निघाली. बंब, घंगाळ, सोऱ्या, करंगळीच्या पेराएवढी पळी. नव्या घरात शोकेसला जागा कुठली? मुलाने बंद पडलेल्या लंबकाच्या घड्याळाची पेटी रिकामी केली, आत दोन फळ्या ठोकल्या. वर माजघर, खाली स्वयंपाकघर. काचेचं दार आयतंच होतं, त्यामुळे धूळ बसत नाही. पावसाळ्यात पितळ काळवंडतं ते काळवंडतंच. चिंचेने घासून, खडखडीत वाळवून मगच आत ठेवते.

नातीने हौसेने बाहुलीघराचं टेबल मागवलं, एका फुटाला एक इंच या मापाचं. इंग्लंडातल्या विंडसर कॅसलमधलं राणी मेरीचं १९२४चं बाहुलीघर याच मापाचं आहे, वास्तुविशारद लुटियन्सने आखलेलं. त्याच्या नळांना पाणीही येतं म्हणे (आमच्या चाळीत सकाळी सातनंतर यायचं नाही!). पण भातुकली कुठे मोजूनमापून केलेली? बंब टेबलापेक्षा उंच निघाला. टेबल आता देव्हाऱ्यात बाळकृष्णाला दिलंय, आणि बंब जमिनीवरच बरा दिसतो.

– एक वाचक, गिरगाव, मुंबई