जागलीला मी जाणार नाही

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, हरभऱ्यात डुकरं शिरतात आणि तुमच्या गुडघ्यांना आता मचाण झेपत नाही, हे फोनवर कळलं. मी शनिवारच्या एसटीनं येतो. दिवसभर वावरात सांगाल ते करीन. पण जागलीला आणि रात्रीच्या लाईनीवर ओलिताला मला पाठवू नका. गडी लावा, पैसे मी देतो.

आळस म्हणून नाही. झोप मोडली की मला नसलेलं दिसणं वाढतं. घोंगडीतला तो माणूस बाजेच्या पायथ्याशी येऊन बसतो. बोलत नाही. पायाला ओला चिखल, पण सारवलेल्या जमिनीवर डाग नाही. मी मोबाईलचा कॅमेरा तिकडं धरतो, तर त्यात नुसती बाज. गावी असलो की मोत्याकडं बघतो. परक्याला तो दारात उभं राहू देत नाही, आणि तेव्हा निवांत झोपलेला असतो. मग कळतं. कळलं म्हणून तो माणूस उठून जात नाही, ही भानगड आहे.

आई, बाहेरचं काही नाही गं. माझ्या या मनाच्या आजारात जास्त करून नसलेले आवाज ऐकू येतात. मला दिसतंही, म्हणून डॉक्टरांनी डोळे, रक्त, डोक्याचा स्कॅन, सगळं आधी तपासून घेतलं. नजर गेल्यावर आजीला अंगणात पोरं खेळताना दिसायची, आठवतं? तसंही होतं माणसाला. तिला कुणी भगताकडं नेलं नाही. माझ्या दंडाला गंडा बांधायचा तर बांध, पण गोळीच्या बदल्यात नको. गोळीनं सकाळी अंग जड राहतं, वजनही वाढलंय. तरी बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करता येत नाही.

मी एकटक बघत बसलो तर वाद घालू नका, होला होही लावू नका. नावानं हाक मारा, "काय दिसून राहिलं बाबू?" एवढं विचारा, आणि तुरीचे सोले काढायला बसवा. फारच घाबरलो तर १४४१६ लावा. टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट. रात्रीही लागतो, मराठीत बोलतात.

पारावर कुणी विचारलंच, पोरगा जागलीला का नाही, तर सांगा की रात्रीची गोळी चालू आहे. तुमच्या बीपीच्या गोळीचं सांगता तसंच.

तुमचा,
बाबू