हरकत कुणाची

कोल्हापूर,
१८ जानेवारी २०२६

प्रिय विज्या,

तुझा मेसेज मंगळवारी आला. तेव्हा मी ठाण्यात जावक रजिस्टर उघडून बसलो होतो. तुझ्या सोसायटीत जन्मठेपेचा कैदी पॅरोलवर आलाय, लोकांनी सह्यांचा कागद फिरवलाय, आणि "तुम्ही पोलीस खुन्यांना खुशाल सुट्टीवर सोडता, लिफ्टमध्ये त्यांच्या शेजारी उभं राहायचं आम्ही" असा सगळा राग तू माझ्यावर काढलास. काढ. चाळीस वर्षांपूर्वी तालमीत मी तुला चितपट केलं होतं, त्याचं व्याज समजतो. पण मोबाईलवर बोटानं टुकटुक करून याचं उत्तर देता येणार नाही, म्हणून रविवारी हा कागद घेतला.

पहिली गोष्ट, सोडणारा मी नव्हे. पण सोडावं की नाही याचा पहिला कागद माझ्यासारख्याच्या हातून लिहिला जातो, हे खरं. गेली अकरा वर्षं ठाणं कुठलंही असो, पॅरोल-फर्लोची चौकशी आली की माझ्याच टेबलावर. खुनाचा तपास मोठे साहेब करतात, पेपरात फोटो येतात. ही चौकशी म्हणजे किरकोळ टपाल. "सहायक फौजदार आहेत की, त्यांना द्या." स्वतःची मोटरसायकल, स्वतःचं पेट्रोल आणि आठ दिवसांची मुदत.

दोन शब्द तुम्ही लोक एकच समजता, ते आधी सांगतो. फर्लो म्हणजे आमच्या कागदातली संचित रजा. ठरावीक शिक्षा भोगली आणि तुरुंगातली वागणूक बरी असली की कारण न देता मागता येते. आधी वर्षाला २१ दिवस, पुढे २८. ते दिवस शिक्षेतच धरले जातात. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. तिला कारण लागतं: घरातलं आजारपण, मयत, लग्न. आणि ते दिवस शिक्षेत धरत नाहीत, परत जाऊन भरावे लागतात. तुमच्याकडचा माणूस बापाच्या आजारपणासाठी आलाय म्हणतोस, म्हणजे हा दुसरा प्रकार. सगळं चालतं १९५९ च्या नियमांवर, मधूनमधून दुरुस्त्या झाल्यात. फर्लोचा अर्ज कळंब्याच्या मध्यवर्ती कारागृहातून निघतो, येरवड्याला उपमहानिरीक्षकांकडं जातो, तिथून एसपी ऑफिस, तिथून ठाणं, तिथून मी. माझा अहवाल डीवायएसपींच्या सहीनं त्याच वाटेनं उलटा जातो. बिंदू चौकातल्या त्या जेलच्या भिंतीला कान लावून आपण लहानपणी "आत काय बोलतात" ऐकायचो, आठवतं? आत काय बोलतात ते मला अजून नीट माहीत नाही. बाहेर काय बोलतात ते मात्र पाठ झालंय.

चौकशीला गेलं की करायचं काय, तर जबाब घ्यायचे. जामीनदाराचा, त्याचा सातबारा जोडून. पोलीस पाटलाचा. शेजाऱ्यांचा. ज्यांच्या घरचा माणूस गेला त्यांचा. शेवटी एक ओळ: बंदी (म्हणजे कैदी) रजेवर आल्यास सार्वजनिक शांतता भंग होईल किंवा होणार नाही, सबब हरकत आहे किंवा नाही. सगळा जीव त्या ओळीत. आणि विज्या, ती ओळ लिहिणं फार सोपं आहे रे. "हरकत आहे" लिहिलं की लिहिणाऱ्याला कुणी विचारत नाही. माणूस आत, आपण घरी, जेवून झोप. "हरकत नाही" लिहिलं आणि तो परत नाही गेला, तर पहिला फोन मला. म्हणून पुष्कळ जण डोळे झाकून हरकत ठोकतात. मीही ठोकल्यात, सुरुवातीला.

आता जे सांगायचंय ते. हे तुझ्या वहिनीलाही अर्धंच माहीत आहे.

२०१८ सालची गोष्ट. भुदरगड तालुक्यातलं गाव, नाव लिहीत नाही. भावकीच्या वादात एकानं चुलतभावाचा खून केलेला, जन्मठेप लागून काही वर्षं कळंब्यात काढलेली. पहिल्या फर्लोचा अर्ज. मी आधी मयताच्या घरी गेलो, कारण भांडण पेटणार असेल तर तिथूनच. मयताचा बाप म्हशीला वैरण टाकत होता. हात न थांबवता म्हणाला, "येऊ दे की. वाटणी झाली, बांध घातला, आमचं आता काय न्हाई. पोरगं तर गेलंच." तसाच जबाब घेतला, अंगठा घेतला. पोलीस पाटील म्हणाला, हरकत नाही. शेजारी तेच. जामीनदार त्याचा मेव्हणा, चार एकर बागायत. एवढा स्वच्छ कागद मला त्या वर्षात दुसरा मिळाला नव्हता.

मग आरोपीच्या घरी. सोप्यात म्हातारा-म्हातारी, दोन भाऊ, सगळे एका सुरात. म्हातारीनं तर पोराचा शर्ट गादीखाली ठेवून इस्त्रीसारखा केलेला, तो काढून दाखवला. चहा झाला. बायको चहाचे कप घेऊन आली, गेली, तोंडातून शब्द नाही. मीही विचारलं नाही. छापील नमुन्यात जामीनदाराला रकाना आहे, पाटलाला आहे, फिर्यादीला आहे. बायकोला वेगळा नाही. ती "कुटुंबीय" या शब्दात येते, आणि कुटुंबीयांची सही म्हाताऱ्यानं केली होती.

गाडी गोठ्याच्या अंगाला लावली होती. किक मारणार तेवढ्यात ती शेणाची पाटी डोक्यावर घेऊन मागनं आली. पाटी खाली ठेवली नाही. लोकांना वाटावं, चाललीय आपल्या कामाला. तशीच उभी राहून, माझ्याकडं न बघता म्हणाली:

"साहेब, हरकत लिवा. माझं नाव घालू नगासा."

मी विचारलं, का? कुणी त्रास देतं का?

"येऊ दे म्हणणारं घर त्यांचं हाय. एका खोलीत निजायला मला लागतंय."

आणि गेली. पाटीतून शेणकाल्याचे दोन थेंब माझ्या बुटावर पडले, ते मी गारगोटीच्या एसटी स्टँडवर जाऊन धुतले. तिथंच बाकावर बसून तासभर विचार केला. नाव घालावं तर सासरी तिचं काय होईल ते सांगायला नको. अहवालावर गोपनीय लिहिलेलं असलं तरी गावात पोचायला चार दिवस पुरतात. नाव न घालावं तर हरकतीला कारण काय? मयताचा बाप "येऊ दे" म्हणतोय!

मी खोटं लिहिलं. जामीनदाराची आर्थिक स्थिती समाधानकारक नाही, आणि बंदी गावात आल्यास शांतता भंग होण्याची शक्यता नाकारता येत नाही. चार एकर बागायतीच्या माणसाबद्दल! वर कुणी सातबारा उलटून बघितलाच नाही. अर्ज नामंजूर.

पण आतली माणसं खुळी नसतात. त्यानं तुरुंगातून हायकोर्टात रिट टाकली. तेव्हा मुंबईलाच जावं लागायचं. आता गेल्या १८ ऑगस्टपासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच बसतंय, सीपीआर दवाखान्यासमोर. सहा जिल्ह्यांची कामं चालतात, आणि आमच्यासारख्यांनी काय लिहिलंय ते एसटीच्या अंतरावर वाचलं जातं. बरं झालं. तर हायकोर्टानं नुसत्या शक्यतेवर माणूस अडवता येत नाही, जामीनदाराचे कागद चोख आहेत, असं म्हणून रजा दिली. वरून मला दोन ओळींचा खुलासा मागितला. दिला. तेही खोटंच.

सुटकेचा कागद ठाण्यात आला त्या दिवशी मी बीट सोडून त्या गावी गेलो. काम नव्हतं. ती पाणंदीत भेटली. तारीख सांगितली. "बरं," म्हणाली. बस एवढंच.

तो आला तेव्हा ती पोरीला घेऊन गडहिंग्लजला बहिणीकडं गेलेली होती, पोरीच्या कानाचं ऑपरेशन म्हणून. ऑपरेशन खरंच होतं की नव्हतं, मी चौकशी केली नाही.

रजेवरच्या माणसाला ठाण्यात हजेरी द्यावी लागते. (हजेरी हा शब्द लिहिताना मला दर वेळी आपले शाहू महाराज आठवतात. जातीवरून माणसाला गुन्हेगार धरून रोज हजेरीला उभं करायचं, ही पद्धत त्यांनी १९१८ साली बंद केली, आणि ज्यांना जग चोर म्हणायचं त्या फासेपारध्यांना सोनतळीला पहाऱ्यावर ठेवलं. आमचं रजिस्टर जातीवर नाही, शिक्षेवर आहे, एवढा फरक झाला शंभर वर्षांत. असो.) पहिल्या हजेरीला तो आला. मला वाटलं होतं आडदांड असेल. बारीक माणूस, केस पांढरे झालेले, तुरुंगाच्या सुतारकामानं बोटं चिरलेली. अंगात तोच गादीखालचा शर्ट. सही केली आणि विचारलं, "साहेब, हरकत कुणाची हुती?"

म्हटलं, जामीनदार कमी पडला.

"दाजीचं चार एकर हाय."

मी रजिस्टर मिटलं. तो थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "म्हंजे घरातलीच असंल," आणि निघून गेला.

विज्या, ते एकवीस दिवस मी नीट झोपलो नाही. गडहिंग्लजच्या ओळखीच्या हवालदाराला सांगून ठेवलं, उगाच त्या गल्लीतून चक्कर मार. या ना त्या निमित्तानं मी त्या गावावरून जायचो. तो रोज बापाबरोबर रानात. एकविसाव्या दिवशी सकाळी त्यानं स्वतः एसटी धरली आणि कळंब्यात हजर झाला. दुसऱ्या दिवशी ती घरी आली. काहीच झालं नाही. आता मी बरोबर होतो की ती, की हायकोर्ट, की तो, ते तूच सांग. पुढच्या वर्षी माझी बदली झाली. त्याची चौकशी दुसऱ्याकडं गेली, त्यानं हरकत नाही लिहिलं. त्या वर्षी ती कुठं गेली, मला माहीत नाही.

तेव्हापासून मी एक करतो. घरात गेलं की चहाच्या आधी गोठा बघायला मागतो, आणि बरोबर महिला कॉन्स्टेबल असल्याशिवाय गावात शिरत नाही. ती आत चुलीपाशी जाते, मी पुरुषांना घेऊन बाहेर पीकपाण्याच्या गप्पा मारत बसतो. नमुन्यात रकाना नाही, म्हणून मी मागच्या बाजूला लिहितो. तरुण पोरं हसतात. फौजदार निबंध लिहितात म्हणे.

पळून जाणारे असतात, खोटं कशाला बोलू. एक जण फर्लोवरून गेला तो इचलकरंजीत सापडला, नाव बदलून रात्रपाळीला लुमवर. घरापासून तासाच्या अंतरावर! त्याच्यावर भादंवि २२४ लागलं (आता न्याय संहितेत ते २६२ झालंय), आणि जामीन राहिलेल्या मेव्हण्याच्या खिशाला चाट बसली ती वेगळी. पण तुझ्यासारखे लोक फक्त त्यालाच लक्षात ठेवतात. कोविडात २०२० च्या मे महिन्यात तातडीचा पॅरोल सुरू झाला तेव्हा सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या माणसाला सोडायचं तर आधीच्या दोन रजांवरून तो वेळेवर परतलेला असला पाहिजे, अशी अट होती. मुदती वाढत वाढत काहींनी दोन वर्षं घरी काढली. २०२२ ला परत बोलावलं तेव्हा नोटिसा घेऊन घरोघर मीच फिरलो. राधानगरीकडच्या एकानं दोन वर्षांत म्हैस घेतलेली, ती आठवड्यात व्यायची होती. म्हणाला, "साहेब, तेवढं होऊ द्या, दुसऱ्याच्या हातानं ती पान्हवत न्हाई." मुदतीत चार दिवस होते, मी म्हटलं बघ बाबा. म्हैस तिसऱ्या दिवशी व्याली. चौथ्या दिवशी तो खरवसाची बरणी घेऊन ठाण्यात आला, बरणी ठेवली आणि तसाच कळंब्याला गेला. खरवस सगळ्या ठाण्यानं खाल्ला.

तुझ्या सासुरवाडीकडं, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे ना, ती खुली वसाहत १९३९ सालची, औंध संस्थानातली. लग्नात आपण तिच्या कडेनं गेलो होतो, आणि भिंत नाही, कुंपण नाही बघून तू विचारलं होतंस, मग हे पळून का जात नाहीत? मला तेव्हा उत्तर आलं नव्हतं, आताही धड येत नाही.

बाकी ठीक. निवृत्तीला चौदा महिने राहिले. गुडघा मोटरसायकलला नको म्हणतो. आईला नमस्कार सांग, तिला म्हणावं आन्या अजून तिखट खातो. पुढच्या आठवड्यात धाकट्या पोराबरोबर गुळाची ढेप पाठवतोय, शिंगणापूरच्या गुऱ्हाळातली, रसायन न घातलेली. काळी दिसली म्हणून परत करू नकोस.

आणि एवढं सगळं लिहिलंस, पण त्या सह्यांच्या कागदावर तू सही केलीस की नाही, ते काही लिहिलं नाहीस.

तुझा,
आन्या