व्हॅक ड्रेसिंग लावून घरी पाठवताना

महोदय,

मधुमेहाने चिघळलेल्या पायाला किंवा अपघातातल्या मोठ्या जखमेला ‘व्हॅक’ (जखमेत फोम बसवून, वर चिकट फिल्म लावून, नळीने जोडलेल्या यंत्राने आतला स्राव सतत ओढून घेणारे ड्रेसिंग) लावून रुग्णाला घरी पाठवणे पुण्यात आता नवीन नाही. उपचार गुणकारी आहे. मात्र त्यातले बरेच अपाय निव्वळ हयगयीने होतात.

पहिली हयगय फोमची. खोल जखमेत दोन-तीन तुकडे बसवलेले असतात, पुढचे ड्रेसिंग दुसरेच कुणी बदलते आणि एखादा तुकडा आत राहतो. त्याच्याभोवती मांस वाढते, पू धरतो, जखम भरत नाही. म्हणून तुकड्यांची संख्या आणि तारीख मार्करने वरच्या फिल्मवरच लिहावी, डिस्चार्ज कार्डावरही नोंदवावी आणि काढताना मोजावी. जखमेवर धरून फोम कापू नये, भुगा आत पडतो. ठासून भरू नये. चांगल्या कातडीवर येऊ देऊ नये, तिथे फोड येतात. एरवी 48 ते 72 तासांनी बदलायचाच. उशीर झाला की नवे मांस त्याच्या छिद्रांत शिरते आणि काढताना रक्त येते. चिकटलाच तर ओढू नये, सलाइन सोडून 15 ते 30 मिनिटे थांबावे.

दुसरी विजेची. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली आणि बॅटरी उतरलेली असली की यंत्र थांबते. फिल्मखाली कोंडलेल्या ओल्या फोममध्ये जंतू फोफावतात. दिवसभरात मिळून 2 तासांहून जास्त वेळ यंत्र बंद राहिले, तर फोम काढून सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजचे ड्रेसिंग करावे लागते. ‘उद्या सिस्टर आल्यावर बघू’ इथे चालत नाही.

सर्वांत घातक रक्तस्राव. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2011 मध्ये दिलेल्या इशाऱ्यात 2007 पासूनच्या 12 मृत्यूंची नोंद होती, आणि त्यांनी रक्तस्राव हाच सर्वांत गंभीर धोका ठरवला होता. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत का, जखमेत रक्तवाहिनी उघडी आहे का, हे व्हॅक लावण्याआधीच पाहायला हवे. नळीत लालभडक रक्त दिसले तर यंत्र बंद करावे, ड्रेसिंग न काढता वरून दाबून धरावे आणि 108 ला फोन करावा.

शहरातल्या रुग्णालयांना विनंती आहे, की यंत्रासोबत मराठीत एक पान द्यावे: दाब किती (बहुधा उणे 125 मिलिमीटर पारा), फोमचे तुकडे किती, पुढचा बदल केव्हा आणि रात्री उचलला जाईल असा फोन नंबर. घरच्या माणसाकडून बॅटरी आणि अलार्म एकदा हाताळून घेतल्याशिवाय डिस्चार्ज देऊ नये.

— जखमांच्या शुश्रूषेतील परिचारिका, पुणे