चार रंगांचे चौकोन आणि एक खतावणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारच्या स्पर्धा परीक्षा पुरवणीत तुम्ही 'प्रारंभिक अमेरिकन साहित्य एका नजरेत' असा तक्ता छापलाय. चार रंगांचे चार चौकोन: प्यूरिटन (म्हणजे इंग्लंडहून अमेरिकेत गेलेले कडवे धर्मनिष्ठ ख्रिस्ती), प्रबोधन, रोमँटिक आणि चौथा ट्रान्सेंडेंटलिस्ट म्हणजे निसर्गात आणि स्वतःच्या अंतर्मनात सत्य शोधणाऱ्या इमर्सन-थोरो या लेखक मंडळींचा. खाली बारीक अक्षरात टीप, की पहिल्या चौकोनात नुसती प्रवचनं आणि रोजनिशा आहेत, एखादाच प्रश्न येतो, वेळ कमी असेल तर सोडला तरी चालेल. माझी भाची सेटच्या, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेच्या मागे लागलीये, तिने 'सोडला तरी चालेल' वर लगेच पिवळा हायलायटर मारला आणि आमचा वाद झाला. तो घरात मिटला नाही म्हणून आता तुमच्याशी घालतोय.

आधी माझी लायकी सांगतो. मी इंग्रजीचा मास्तर नाही, सहकारी बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली निम्मी कीर्द-खतावणी हाताने लिहिण्यात गेली. रिटायर झाल्यावर भाचीची पुस्तकं घरात पडलेली असायची, दुपारी झोप येत नाही, तर ती चाळायला लागलो आणि मग नीट वाचायला लागलो. कुणाला त्यात देव दिसत असेल, कुणाला निसर्ग दिसत असेल, मला बाबा पहिल्या पानापासून हिशेबाची वही दिसली. तीच वही चारही चौकोनांतून हातोहात पुढे गेलीये, आणि ती उघडली त्याच पहिल्या चौकोनात जो तुम्ही सोडायला सांगताय.

प्यूरिटन लोकांचं कसं होतं बघा. देवाने कुणाला तारायचं हे आधीच ठरवून टाकलंय आणि यादी काही तो दाखवणार नाही. म्हणजे पासबुक त्याच्याकडे आणि आपण खिडकीबाहेर. मग माणूस काय करणार, रोज रात्री स्वतःला तपासणार, आज काय चुकलं, मनात काय वाईट आलं, आणि लिहून ठेवणार, न जाणो आपण यादीत असल्याची एखादी खूण त्यात सापडायची. त्यांच्या रोजनिशा म्हणजे टाइमपास नव्हे, जिवावरची गोष्ट आहे ती. मॅसॅच्युसेट्स वसाहतीचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉपचं १६३० सालचं प्रवचन लोकांना फक्त 'डोंगरावरचं शहर' या एका वाक्यासाठी माहीत असतं कारण अमेरिकेतले पुढारी अजून ते भाषणात घालतात, पण पूर्ण वाचा, त्यात कर्ज कधी द्यावं आणि कधी माफ करावं यावर चांगलं लांबलचक विवेचन आहे! मी ते वाचून खुर्चीतून उठलो, अहो वसुलीच्या मीटिंगला सांगण्यासारखं आहे.

आणि मेरी रोलँडसन, जिचं तुमच्या तक्त्यात नावच नाही. पाद्र्याची बायको, फेब्रुवारी १६७६ मध्ये लँकेस्टर गावावर मूळनिवासींचा हल्ला झाला, घर पेटवलं, हिला धरून नेलं. सहा वर्षांची जखमी मुलगी मांडीवर होती, ती नवव्या दिवशी गेली. अकरा आठवडे बाई त्यांच्यासोबत रानोमाळ फिरली आणि सुटल्यावर तिने जे लिहिलं ते १६८२ ला छापून आलं. त्यात देवाचं नाव पानोपानी आहेच, पण माझं लक्ष वेगळीकडे गेलं. मूळनिवासींचा सरदार मेटाकॉम, ज्याला इंग्रज किंग फिलिप म्हणायचे, त्याच्या मुलासाठी तिने सदरा शिवला, एक शिलिंग मिळाला. तो तिने मालकाला देऊ केला, तो म्हणाला ठेव तुलाच, तर तिने त्या शिलिंगचं घोड्याचं मांस घेतलं. मग पोरासाठी टोपी शिवली तर फिलिपने जेवायला बोलावून दोन बोटांएवढी भाकरीवजा पोळी दिली, अस्वलाच्या चरबीत तळलेली, आणि बाई लिहिते की इतकं चविष्ट आयुष्यात काही खाल्लं नव्हतं. शेवटी खंडणीची वेळ आली तेव्हा त्यांनी तिलाच विचारलं की तुझा नवरा किती देईल. आता सांगा, स्वतःची किंमत स्वतः सांगायची! कमी सांगितली तर ते हसण्यावारी नेतील, जास्त सांगितली तर जमा होणार नाही, म्हणून विचार करून बाईने २० पौंड सांगितले, आणि तेवढ्यातच सुटली. हे 'नुसती रोजनिशी' आहे का साहेब? माझ्या मते यापुढे अर्ध्या कादंबऱ्या पाणी भरतील. ज्यांनी तिला धरलं त्यांना ती सैतान वगैरे म्हणते ते मला खटकलं, त्यांच्या जमिनी कुणी घेतल्या हे ती कुठे मांडत नाही, पण सदरा-टोपीचे व्यवहार मात्र प्रामाणिकपणे लिहिते आणि त्यातून ती माणसं माणसं म्हणून दिसतातच, तिला नको असलं तरी.

ॲन ब्रॅडस्ट्रीटवर थोडक्यात सांगतो. आठ मुलांची आई, कविता करायची, मेहुण्याने वही परस्पर लंडनला नेऊन १६५० मध्ये छापली. १० जुलै १६६६ ला हिचं घर जळालं, त्यावर कविता आहे. राखेजवळून जाताना म्हणते, इथे पेटी होती, इथे ट्रंक होती, इथे आता पाहुणा जेवायला बसणार नाही. एकेक वस्तू खात्यातून कमी करत जाते आणि शेवटी म्हणते माझी ठेव वर आहे. धर्माप्रमाणे शिल्लक बरोबर काढलीये, पण ट्रंक आणि पेटी आठवताना जे थांबणं आहे ना, ते कुठल्या कॉलमला बसत नाही. मला तिथे गलबलून आलं, हिशेब लिहिणाऱ्याला कळतं ते.

आता दुसरा चौकोन, ज्यात तुम्ही बेंजामिन फ्रँकलिन टाकलाय आणि मधे जाड रेघ मारलीये. ती रेघ कुठे आहे मला सापडली नाही. जोनाथन एडवर्ड्सचा जन्म १७०३ चा, फ्रँकलिनचा १७०६ चा. एडवर्ड्स म्हणजे १७४१ मध्ये एनफिल्डला ज्याने, देव तुम्हाला नरकाच्या आगीवर कोळी किडा धरावा तसं धरून उभा आहे असं सांगून लोकांना रडवलं तो पाद्री. त्याने विशीत ७० संकल्प लिहून ठेवले होते आणि आठवड्यातून एकदा ते वाचायचे हाही नियम केला होता. आणि फ्रँकलिनने काय केलं? छोटी वही घेतली, तांबड्या शाईने सात वारांचे सात कॉलम पाडले, आडव्या १३ ओळी, एकेका ओळीला एकेक सद्गुण, मिताहार, मौन, व्यवस्थितपणा, काटकसर असं करत, आणि चूक झाली की त्या घरात काळा ठिपका. एका आठवड्याला एका गुणावर जोर, १३ आठवड्यांचा एक फेरा, वर्षात चार फेरे. वही तीच आहे हो, फक्त खातेदार बदलला, आधी खातं देवाच्या नावावर होतं ते याने स्वतःच्या नावावर करून घेतलं! त्याने स्वतःच लिहिलंय की लहानपणी कॉटन मेदर या प्यूरिटन पाद्र्याचं पुस्तक वाचलं त्याचा आयुष्यभर उपयोग झाला.

फ्रँकलिनला सगळ्यात जास्त ठिपके 'व्यवस्थितपणा' ला पडायचे. त्यावर तो गोष्ट सांगतो, एका माणसाने लोहाराकडून कुऱ्हाड घेतली आणि म्हणाला, पातं धारेसारखंच अख्खं चकचकीत करून दे. लोहार म्हणाला करतो, तू चाक फिरव. हा फिरवतोय फिरवतोय, घामाघूम, मधेच येऊन बघतोय, शेवटी म्हणाला बस, आहे तशी दे. लोहार म्हणतो, अरे थांब, अजून ठिपकेच दिसतायत. तर हा म्हणतो, मला ठिपक्यांचीच जास्त आवडते! आमच्या बँकेत ऑडिटच्या आदल्या रात्री अकरा वाजता सगळ्यांना ठिपक्यांची कुऱ्हाड आवडायला लागायची.

तिसऱ्या-चौथ्या चौकोनात तर गंमतच आहे. इमर्सन हा स्वतः पाद्री, १८३२ मध्ये प्रभुभोजनाच्या विधीवरून मतभेद झाले आणि व्यासपीठ सोडलं. चर्च सोडलं पण वही सुटली नाही, आपल्या डायरीला तो चक्क सेव्हिंग बँक म्हणतो, रोज थोडं टाकायचं आणि लेक्चरला लागेल तसं काढायचं. थोरोबद्दल तर तुमच्या तक्त्यात चूकच आहे, 'आयुष्यभर जंगलात राहिला' असं छापलंय. तो वॉल्डन तळ्याकाठी ४ जुलै १८४५ ते ६ सप्टेंबर १८४७ एवढंच राहिला, दोन वर्षं दोन महिने दोन दिवस, तेही इमर्सनच्या जागेत, आणि गाव चालत जाण्याच्या अंतरावर. पण त्याने झोपडीचा खर्च जो दिलाय तो मला तोंडपाठ झालाय. फळ्या ८ डॉलर साडेतीन सेंट, जुन्या हजार विटा ४ डॉलर, खिळे ३.९०, खडू १ सेंट, वाहतूक १.४० आणि पुढे शेरा, की बराच माल पाठीवर आणला. चुन्याला शेरा, महाग पडला. एकूण २८ डॉलर साडेबारा सेंट. मी कॅल्क्युलेटर घेऊन बेरीज मारली, जुळली, अर्ध्या सेंटसकट! भाचीला दाखवलं तर ती म्हणाली मामा हे सिलॅबसला नाही.

याच तळ्यावर १८४६-४७ च्या हिवाळ्यात शंभरेक मजूर बर्फ कापायला आले होते. तेव्हा न्यू इंग्लंडचा बर्फ जहाजाने थेट मुंबईला यायचा, फोर्टात त्यासाठी आईस हाऊस होतं. थोरो लिहितो की मद्रास, मुंबई, कलकत्त्याची घामाघूम माणसं माझ्या विहिरीचं पाणी पितायत आणि मी इकडे सकाळी भगवद्गीतेत डोकं बुडवतोय, म्हणजे माल तिकडे गेला आणि मोबदला इकडे आला. खरं तर त्या वर्षीचा दहा हजार टनांचा ढीग सगळा गेलाच नाही, गवताखाली झाकून ठेवला, थोडा नेला, बाकीचा वितळत वितळत सप्टेंबर १८४८ ला संपला. त्यावर थोरोचा शेरा असा, की तळ्याने आपलं बरंचसं परत मिळवलं. वसुली म्हणतात ती ही. दुर्गाबाई भागवतांनी थोरोचं हे 'वॉल्डन' पुस्तक मराठीत आणलंय, 'वॉल्डनकाठी विचारविहार', इंग्रजी जड वाटत असेल त्यांनी ते मिळवून वाचावं.

पण या वहीची दुसरी बाजू सांगितली नाही तर माझं पत्रही तुमच्या तक्त्यासारखंच होईल. काही माणसांनी वही लिहिली आणि काही माणसं त्याच वहीत माल म्हणून होती. फिलिस व्हीटली, १७६१ मध्ये सात-आठ वर्षांची पोर गुलामांच्या जहाजातून बोस्टनला उतरली, जहाजाचं नाव फिलिस म्हणून हिचं नाव फिलिस, मालकाचं आडनाव व्हीटली. १७७३ ला तिचा कवितासंग्रह लंडनला छापला गेला कारण बोस्टनमध्ये पुरेसे वर्गणीदार मिळेनात, आणि पुस्तकाच्या सुरुवातीला काय, तर या कविता हिनेच लिहिल्यात असं गव्हर्नरपासून बोस्टनच्या १८ बड्या लोकांनी सहीनिशी लिहून दिलंय. कवितेला अठरा जामीनदार! शेतीकर्जाला आम्ही दोन घ्यायचो. आणि गुलामगिरीतून निसटलेला फ्रेडरिक डग्लस, त्याचं १८४५ चं आत्मकथन. मालक मेल्यावर वाटणीसाठी सगळ्या मालमत्तेची मोजदाद झाली, त्यात घोडे, मेंढ्या, डुकरं आणि माणसं एकाच रांगेत उभी करून किंमत लावली, रांगेत हा लहान पोरगा पण होता. आमच्याकडे डेड स्टॉक रजिस्टर असायचं, खुर्च्या, टेबलं, पंखे, दर मार्चला मोजायचे. मला ते पान वाचल्यावर ते रजिस्टर डोळ्यांसमोर आलं आणि पुस्तक मिटून ठेवलं दोन दिवस. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती याच गुलामांना मोकळं करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना, म्हणजे हे सगळं आपल्याकडे तेव्हाच पोचलेलं होतं, आणि तुमच्या तक्त्यात डग्लसला चौकोनच नाही, बाजूला 'इतर' मध्ये टाकलाय.

कादंबरीकार मेलव्हिलचा बार्टलबी, १८५३ ची गोष्ट, वॉल स्ट्रीटवरच्या वकिलाचा कारकून, एक दिवस काम सांगितलं तर शांतपणे म्हणतो मला हे न केलेलं बरं वाटेल, आणि शेवटपर्यंत तेच म्हणत राहतो. त्यावर वेगळं पत्र लिहीन, माझ्या टेबलाशेजारी असा एक होता.

तर विनंती एवढीच, तक्ता पुन्हा छापणार असाल तर ती टीप काढा, थोरोचं दुरुस्त करा, आणि सुरुवात १६२० ला नका करू. इरोक्वॉय हे तिथले मूळनिवासी लोक कासवाच्या पाठीवर पृथ्वी कशी वसली ते त्याच्या कितीतरी आधीपासून सांगत होते आणि करारमदार शंखाच्या मण्यांच्या पट्ट्यात विणून ठेवत होते, ती पण वहीच की. जागा नाही म्हणाल तर एडगर ॲलन पोचा फोटो तीन कॉलम लावलाय तो एक कॉलम करा, पो आम्हाला आवडतो पण एवढा नाही.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, कराड