डॉलर सगळीकडे चालतो, पण सुट्टे कोण देणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत परदेश प्रवासावर लेख आला होता, त्यात एक वाक्य होतं की कुठेही जा, खिशात डॉलर ठेवा आणि निर्धास्त फिरा. ते वाचून मी चहाचा कप खालीच ठेवला. कारण हेच वाक्य आमच्या ज्येष्ठ नागरिक ग्रुपमधल्या एका जाणकाराने आम्हाला ऐकवलं होतं, आम्ही ते ऐकलं पण, आणि ते कितीला पडलं हे माझ्याकडे वहीत लिहिलेलं आहे. मी एसटीत कंडक्टर होतो, ३१ वर्षं, त्यामुळे रात्री हिशेब जुळल्याशिवाय मला झोप लागत नाही. रिटायर झालो तरी वेबिल, म्हणजे कंडक्टरचा रोजचा हिशेबाचा कागद, काही डोक्यातून जात नाही.

आम्ही दोघं गेल्या वर्षी व्हिएतनाम आणि कंबोडियाला जाऊन आलो, मुलाने तिकिटं काढून दिली. खर्चाला पैसे न्यायचे तर दापोलीत कुठे मिळणार, बँकेत विचारलं तर साहेब म्हणाले फॉर्म भरा, वरून यायला वेळ लागेल, म्हणजे नाहीच समजा. शेवटी मुंबईला एका काउंटरवर ६०० डॉलर घेतले. टीव्हीवर खाली पट्टीत डॉलर ८६ रुपये चालला होता, काउंटरवाल्याने ८८ रुपये २० पैसे लावला. म्हणजे विमानात बसायच्या आधीच १३२० रुपये गेले. आता तो काही समाजसेवा करायला बसलेला नाही, घेण्याचा भाव वेगळा, विकण्याचा वेगळा, हे मला कळतं, बाजारात नारळाचं पण तसंच असतं. पण पुढचं ऐका.

होई अन म्हणून गाव आहे तिकडे, समुद्राजवळ, जुनं बंदर, टोपलीसारख्या गोल होड्या असतात आणि त्या गरागरा फिरवून दाखवतात. तिथे बाजारात आमच्या हिने बांबूची टोपी बघितली. बाईने आमच्याकडे बघितलं आणि म्हणाली फाइव्ह डॉलर. हिने घासाघीस न करता दहाची नोट काढून दिली (हर्णैला सुरमईसाठी अर्धा तास भांडणारी बाई ही, पण परदेशात लाजली). त्या बाईने पाच डॉलर परत द्यायच्या ऐवजी तिकडचे एक लाख डाँग हातावर ठेवले. आता मी हॅनोईला आदल्या दिवशी स्वतः १०० डॉलरचे साडेपंचवीस लाख डाँग घेतलेले, म्हणजे डॉलरला साडेपंचवीस हजार, मग पाच डॉलरचे सव्वा लाखाच्या वर व्हायला पाहिजेत की नको? तिने डॉलरला वीस हजार धरला. त्याच्या पुढे गंमत म्हणजे चार दुकानं सोडून तीच टोपी सत्तर हजार डाँगला लावलेली होती, म्हणजे पावणेतीन डॉलर सुद्धा नाही. एका टोपीत दोनदा कापलं, एकदा किमतीत आणि एकदा सुट्ट्यात. सुट्ट्यातलं मला जास्त लागलं, कारण मी जन्मभर सुट्टे नसले तर तिकिटाच्या मागे बाकी लिहून दिलेली आहे आणि उतरताना बोलावून परत दिलेली आहे, माझ्या डेपोत कोणालाही विचारा.

पण मग हॉटेलवर पडल्या पडल्या विचार केला. समजा उद्या हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी लिलाव चालू आहे, बैलगाडीतून टोपल्या येतायत, आणि एखादा गोरा आमच्या मावशीपुढे पाच डॉलरची नोट धरून उभा राहिला. मावशी काय करेल? एकतर हाकलेल, नाहीतर डॉलरला पन्नास रुपये धरून पापलेट देईल. आणि तिचं चूक आहे का? ती नोट घेऊन तिला दापोलीला यावं लागणार, तिकिटाला पैसे, अर्धा दिवस मोडला, बँकेतला माणूस दहा प्रश्न विचारणार, आणि एवढं करून नोट खोटी निघाली तर? तो सगळा खर्च ती भावात धरणारच. तेव्हा टोपीवाली बाई चोर नव्हती, आम्ही तिला न विचारता मनी चेंजर करून टाकलं होतं आणि तिने तिची मजुरी कापून घेतली. लेखात नेमकं हेच नाहीये. डॉलर घेतात का सगळीकडे, तर घेतात हो, पण कोणत्या भावाने घेतात ते घेणारा ठरवतो.

आणि व्हिएतनाममध्ये तर दुकानात डॉलरमध्ये भाव सांगणं, डॉलर घेणं कायद्यात बसतच नाही, परकीय चलनाचा २००५ चा वटहुकूम आहे तिकडे. लोक करतात ती गोष्ट वेगळी. २०१८ साली तिकडच्या कॅन थो शहरात एका साध्या माणसाने चलन बदलायचा परवाना नसलेल्या सोनाराकडे १०० डॉलरची एक नोट मोडली म्हणून त्याला नऊ कोटी डाँग दंड लावला होता, म्हणजे शंभर डॉलरपायी जवळपास चार हजार डॉलरचा दंड. लोकांनी खूप आरडाओरडा केला म्हणून नंतर माफ झाला. इंडोनेशियात पण २०११ चा कायदा आहे, देशातल्या देशात व्यवहार रुपियातच करायचा. बालीला जाणारे आपले लोक डॉलरची गड्डी घेऊन जातात त्यांना हे कोणी सांगत नाही.

तिकडच्या पैशाची भीती वाटते हे मी समजू शकतो. शून्यंच इतकी की माणूस गांगरतो. मी एक युक्ती काढली, शेवटची तीन शून्यं उडवायची आणि राहिलेल्याचे तिप्पट अधिक थोडे वर, झाले रुपये. लाख डाँग म्हणजे शंभराचे तिप्पट, तीनशे आणि वर थोडे, तीनशे तीस-चाळीस. हॉटेलवाले पण मेनूवर शून्यं लिहीतच नाहीत, ५० आणि पुढे के, म्हणजे हजार. मात्र एक सांभाळा, वीस हजाराची नोट निळी आणि पाच लाखाची पण निळसरच, दोन्हीवर हो ची मिन्हच, प्लास्टिकच्या गुळगुळीत नोटा, संध्याकाळच्या उजेडात फरक कळत नाही. मी शहाळ्याचे पैसे म्हणून पाच लाखाची दिली होती, म्हणजे सोळाशे रुपयांच्या वर. शहाळंवाल्या बाईने हसत हसत नोट परत माझ्या खिशात कोंबली आणि बरोबर निळी स्वतः काढून घेतली. कोकणातला माणूस शहाळं विकत घेऊन पितो आणि वर फसता फसता वाचतो, घरी सांगायची सोय नाही.

आता उलटी बाजू पण सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा एकाच बाजूने बोलतो. कंबोडियात डॉलर खरंच चालतो, म्हणजे चालतो नाही, धावतो. एटीएममधून डॉलर निघतात. अंगकोर वाटच्या जुन्या देवळाचं एका दिवसाचं तिकीट ३७ डॉलर, बोर्डावर तसंच लिहिलेलं. कारण पण तसं आहे, ख्मेर रूज म्हणून तिथली कम्युनिस्ट राजवट होती, तिने १९७५ साली पैसाच बंद करून टाकला होता, नॅशनल बँकेची इमारत सुरुंग लावून उडवली, चार वर्षं देशात नोट नावाची गोष्ट नाही. मग १९८० मध्ये रिएल, म्हणजे तिकडचं चलन, परत आला पण लोकांचा भरवसा कसा बसणार, आणि नव्वदच्या सुरुवातीला युनोची माणसं आली त्यांच्या पगाराबरोबर डॉलर आला तो आलाच. पण तिथेही बघा, सेंटची नाणी नाहीत. डॉलरच्या खालचे सुट्टे रिएलमध्ये, डॉलरला चार हजार रिएल. पावणेतीन डॉलरचं जेवण झालं, तीन दिले तर हजार रिएल परत, तोंडपाठ, एक पैसा इकडे तिकडे नाही. सगळ्या ट्रिपमध्ये मला मनापासून आवडलेला हिशेब हाच. तिथे डॉलर नेले तर फायद्याचंच आहे, माझं काही म्हणणं नाही.

फक्त नोट कोरी पाहिजे. मुंबईच्या काउंटरवरून मिळालेल्या माझ्या वीस डॉलरच्या एका नोटेला कडेला अर्ध्या नखाएवढी चीर होती, वर कोणीतरी पेनने बारीक टिक केलेली. अंगकोरजवळच्या सिएम रीप गावात पाच ठिकाणी दाखवली, पाच ठिकाणी मान हलली. त्यातल्या एका ठिकाणचा पोरगा माझी नोट उजेडात धरून उलटीपालटी करत होता ना, ते बघून मला माझाच जुना अवतार आठवला, बुरोंडी गाडीत एखाद्या म्हातारीची सेलोटेप लावलेली दहाची नोट परत करणारा. ती म्हातारी काय काय बोलायची ते पण आठवलं.

कार्डाचं थोडक्यात सांगतो. व्हिएतनाममध्ये दा नांगला हॉटेलचं बिल मुलाने दिलेल्या कार्डावर भरलं, मशीनवर दोन पर्याय आले, डाँग की इंडियन रुपीज. परक्या देशात आपला रुपया दिसला म्हणून मी आनंदाने रुपीज दाबलं. मुलगा नंतर कपाळाला हात लावून म्हणाला, बाबा, तिथे नेहमी तिकडचं चलन दाबायचं. रुपये दाबले की भाव तिकडचा मशीनवाला ठरवतो, आठ हजारांच्या बिलाला चार-पाचशे जास्त गेले होते. डाँग दाबले असते तर कार्ड कंपनीच्या भावाने कापलं असतं आणि वर आपल्या बँकेचा जो काय मार्कअप, म्हणजे वरचा आकार, असेल तो. म्हणजे परत तेच, टोपीवाली बाई जे करत होती तेच मशीन करतं, फक्त मशीन वर थँक्यू म्हणतं. आणि जे लोक डॉलर भरलेलं फॉरेक्स कार्ड घेऊन थायलंडला जातात त्यांनी पण बघावं, बाट द्यायचा म्हटला की डॉलरवरून बाट करायचे वेगळे पैसे लागतात बऱ्याच कार्डांना.

आमच्या वाडीतले चार जण तर डॉलर घेऊन नेपाळला गेले होते, खोटं नाही सांगत. तिकडे १९९३ पासून आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ, भाव ठरलेला, त्यात डॉलरचं कामच काय! रुपयाचा डॉलर केला, डॉलरचा परत रुपया केला, फक्त नेपाळी. पशुपतिनाथाला दक्षिणा कमी पडली असेल एवढ्यात.

जाता जाता एक जुनी गोष्ट, कारण आमच्या बाणकोट-दाभोळ-हर्णै पट्ट्यात आखातात माणूस नाही असं मोहल्ल्यात घर सापडणार नाही. माझ्या शेजारच्या चाच्यांचे वडील मस्कतला होते, ते सांगायचे तिकडे आपला रुपयाच चालायचा. मला लहानपणी ही थाप वाटायची. पण खरं आहे, १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी म्हणून खास वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या होत्या, कुवेत, बहरीन, कतार, दुबई, मस्कत सगळीकडे त्याच. कुवेतने १९६१ ला आणि बहरीनने १९६५ ला स्वतःचं चलन काढलं, आणि मग ६ जून १९६६ ला दिल्लीत ठरलं आणि डॉलर पावणेपाच रुपयांचा एकदम साडेसात झाला. कतार-दुबईत ज्यांच्या पेटीत त्या नोटा होत्या त्यांच्या नोटांचा भाव दिल्लीच्या एका निर्णयाने रात्रीत उतरला, त्यांना विचारलं कोणी? त्याच वर्षी त्यांनी आपला रुपया सोडला, मस्कतने मात्र १९७० पर्यंत चालवला. दुसऱ्याचं चलन वापरायचं म्हणजे काय असतं ते तिथल्या लोकांना आपल्यामुळे कळलं, आणि आपणच आता डॉलर डॉलर करतोय.

तर माझी विनंती एवढीच की पुरवणीत कुठला देश आहे ते बघून लिहा. कंबोडियाला डॉलर, नेपाळ-भूतानला आपला रुपया, आणि व्हिएतनामसारख्या ठिकाणी जिथे मुंबईत डाँग मिळणं कठीण, तिथे डॉलर न्या पण दुकानात काढू नका, पोचल्यावर बँकेत नाहीतर परवाना असलेल्या ठिकाणी मोडा, शंभराच्या नोटा न्या म्हणजे भाव बरा मिळतो, आणि मग डाँगमध्येच भाव विचारा, डाँगच द्या. सगळे एकदम मोडू नका, उरलेले डाँग इथे कोणी हातात धरत नाही, माझ्याकडे तीन लाख आहेत, नातवाला खेळायला दिलेत. उरलेले डॉलर १८० दिवसांच्या आत परत करायचे असतात, दोन हजार डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतात, हेही छापा.

मी उरलेले १४० परत द्यायला त्याच मुंबईच्या काउंटरवर गेलो. ८८ रुपये २० ने घेतलेला डॉलर ८३ रुपये ४० ने घेतला, म्हणजे आणखी ६७२ रुपये, वहीत आहेत. त्यांच्याच गल्ल्यातून आलेली ती चिरलेली वीसची नोट पण दाखवली. काचेच्या मागच्या मुलीने ती उजेडात धरली आणि म्हणाली, काका, ही नाही चालणार, फाटली आहे. १४० चे १४० च घेतले, वीसची माझ्याकडेच राहिली. सध्या ती माझ्या जुन्या चामडी बॅगेत आहे, सुट्ट्या पैशांच्या कप्प्यात.

आपला,
एक निवृत्त कंडक्टर, दापोली