ढिल्या गिअर लिव्हरकडे दुर्लक्ष नको

संपादक महोदय,

जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअर लिव्हर ढिला झाला की ‘गाडी चालतेय ना, मग राहू दे’ असे म्हणून बरेच जण सोडून देतात. यात खरा धोका आहे, म्हणून हे पत्र.

लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी केबल बहुतेक गाड्यांत टोकाला गोल डोक्याच्या पिनवर बसते. मध्ये प्लॅस्टिकचा किंवा रबराचा छोटासा बुश, म्हणजे पिन आणि केबलची कडी यांच्यात बसणारे कडे, असते. इंजिनाच्या उष्णतेने आणि वयाने हा बुश कडक होतो, तडकतो आणि शेवटी भुगा होऊन गळून पडतो. मग लिव्हर ‘पार्क’वर दिसतो, पण गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये किंवा रिव्हर्समध्येच राहिलेला असतो. चालक निर्धास्तपणे उतरतो आणि गाडी घरंगळते. म्हणून अशा गाडीत उतरण्याआधी हँडब्रेक ओढलाच पाहिजे.

आधी ढिलेपणा नेमका कुठे आहे ते पाहावे. नुसती मूठ फिरत असेल तर तिचा स्क्रू सैल झालेला असतो. लिव्हरच्या तळाच्या बैठकीसकट सगळेच हलत असेल तर कन्सोल (लिव्हरभोवतीचे प्लॅस्टिकचे आवरण) काढून खालचे बोल्ट आवळावेत. लिव्हर फक्त डावी-उजवीकडे डुगडुगत असेल तर त्याच्या बिजागरीचा बुश झिजला आहे. पण दाखवलेला आणि लागलेला गिअर जुळत नसेल, तर केबलच बघायची.

काम सपाट जागेवर, इंजिन थंड असताना, हँडब्रेक ओढून आणि चाकांना पुढून-मागून ठोकळे लावूनच करावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. गिअरबॉक्सकडचे टोक पुष्कळ गाड्यांत एअर फिल्टरच्या डब्याखाली किंवा बॅटरीच्या तळाशी सापडते. जुन्या बुशचे सगळे तुकडे काढून पिन पुसावी. पिन झिजून बारीक झाली असेल तर नवा बुशही टिकणार नाही. नवा बुश त्याच मॉडेलचा घ्यावा, काही मिनिटे गरम पाण्यात ठेवावा, सिलिकॉन ग्रीसचा हलका हात फिरवावा आणि रुंद तोंडाच्या पकडीने सरळ दाबावा. साधे ग्रीस रबर फुगवते. तारेने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधलेली केबल सैलच राहते. ही दुरुस्ती नव्हे. केबलच्या टोकाची कडीच फुटली असेल, तर मात्र पूर्ण केबल बदलावी. केवळ बुश गेला म्हणून ती बदलायची गरज नसते, हे गॅरेजमध्ये ठामपणे सांगावे.

नंतर लिव्हर आणि गिअरबॉक्सचा दांडा, दोन्ही गाडीच्या माहितीपुस्तिकेने (मॅन्युअलने) सांगितलेल्या एकाच जागी ठेवून केबलचे समायोजन करावे. मग चाचणी. इंजिन फक्त पार्क आणि न्यूट्रलमध्येच सुरू व्हावे, मागचे पांढरे दिवे फक्त रिव्हर्समध्येच लागावेत. इंजिन बंद, लिव्हर पार्कमध्ये आणि हँडब्रेक सोडलेला असताना सपाट जागेवर गाडी ढकलून पाहावी. किंचित हलून ती अडकली पाहिजे. एका टोकाचा बुश गेला असेल तर दुसराही त्याच वयाचा आहे, तोही लगेच बदलून घ्यावा.

आपला विश्वासू,
एक वाहन कारागीर